रात्रीचा वग आणि दहाचा ठोका

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात तमाशाला आता मानाचे स्थान मिळाले आहे. गण, गौळण, बतावणी, सवाल-जवाब, रंगबाजी आणि वग हा क्रम आपले विद्यार्थी पाठ करतात. उमाजी सावळजकर यांच्या नावावर असलेला, १८६५ च्या सुमाराचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग, हे उत्तरपत्रिकेत लिहितात. पठ्ठे बापूरावांपासून अण्णा भाऊ साठ्यांच्या लोकनाट्यापर्यंत आणि तिथून वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'पर्यंत (१९६५) एक रेषा ओढून दाखवतात. हे सगळे योग्यच आहे. पण या क्रमातला शेवटचा आणि सर्वांत मोठा घटक, म्हणजे वग, प्रत्यक्ष मैदानात आज किती उरला आहे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. वर्गातही क्वचितच येतो. माझे म्हणणे असे की वग आपल्या डोळ्यांदेखत संपत चालला आहे. त्याचे कारण केवळ बदलती अभिरुची नाही. ते बरेचसे घड्याळात आहे, आणि त्या घड्याळाविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर पुरेसे बोललेले नाही.

हे म्हणणे मी बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातून मांडतो आहे, त्याला कारण आहे. 'फड' या एका शब्दाचे तीन अर्थ ज्या भागात रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत, असा हा भाग. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये झाला आणि त्याच्या पाण्यावर इथे पुढे ऊस वाढला. तो उसाचा फड. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तांबड्या मातीत जोडी लागते. तो कुस्तीचा फड. आणि आदल्या रात्री ट्रकमधून सामान उतरवून जो उभा राहतो तो तमाशाचा फड. हे तीन फड एका वेळापत्रकाने बांधलेले आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथल्या कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपत येतो, रब्बीची सुगी घरात आलेली असते, आणि चैत्र-वैशाखात भैरवनाथ, म्हसोबा, यमाई, बिरोबा यांच्या यात्रा सुरू होतात. रानात काम थोडे, हातात पैसा थोडा आणि रात्री अंगणात झोपण्याजोग्या. तमाशा उन्हाळ्यात बहरतो तो असा.

फड ठरतो तो मात्र इथे नव्हे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात, हंगामाच्या तोंडाशी फडमालकांच्या राहुट्या लागतात. गुढीपाडव्याच्या आसपास गावोगावचे पंच तिथे जातात, राहुटीत बसून तिथी सांगतात, भाव करतात आणि सुपारी देऊन परततात. ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात तिचा भाव चढतो, आडतिथीला उतरतो. सुपारीची रक्कम गावच्या वर्गणीतून येते, म्हणून जत्रेतल्या तमाशाला तिकीट नसते. कनातीतला तिकिटाचा तमाशा वेगळा आणि मोकळ्या मैदानातला सुपारीचा तमाशा वेगळा. दुसऱ्यात प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसतो, तो यजमान असतो. हा भेद आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा ठळकपणे येत नाही. पण वगाचे भवितव्य या दुसऱ्या मैदानावर अधिक अवलंबून आहे.

जत्रेचा क्रम ठरलेला असतो. संध्याकाळी शेरणी वाटली जाते, नैवेद्य जातात, पाहुणे जेवतात. रात्री देवाचा छबिना निघतो. छबिना देवळात परतला की तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मंडळी देवळापुढे हजेरी देतात आणि दुपारी कुस्त्या. या क्रमात तमाशाला छबिन्याच्या मागचा क्रमांक आहे, हे ध्यानात ठेवावे. देवाची पालखी परतल्याशिवाय ढोलकीवर थाप पडत नाही, आणि पालखी परतते ती गावाच्या चालीने. घड्याळ पाहून नव्हे.

आता या पट्ट्यातल्या एका गावी अलीकडे पाहिलेल्या प्रयोगाविषयी. गावाचे नाव देत नाही, कारण त्या रात्री जे घडले ते कोणत्याही गावी घडते. छबिना लवकर काढावा अशी विनंती पंचांनी केली होती, तरीही तो साडेआठच्या आधी परतला नाही. रंगमंच उभा होता, जनित्र सुरू होते, दिवसभर तापलेली जमीन अजून गरम होती आणि ताडपत्रीवर पोरे, म्हातारी माणसे केव्हाची बसली होती. बायाबापड्या शाळेच्या ओट्यावर आणि जवळच्या गच्च्यांवर. गण झाला. गौळण आली, तिच्यातली मावशी आली आणि म्हाताऱ्यांनी पहिली मोठी दाद दिली. मग रंगबाजी. तरुणांची फर्माईश गाण्यांची होती. ती नाकारणे फडाला परवडत नाही, कारण पुढच्या वर्षीची सुपारी ठरवताना त्यांचेही मत विचारले जाते. वगाला सुरुवात झाली तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते.

वग राजदरबारी होता. नेहमीचीच गोष्ट, म्हणजे खोटा आळ, परागंदा झालेली राणी, लाचखाऊ प्रधान, आणि दरबारात दाद मागायला आलेली बाई. पण नेहमीची गोष्ट म्हणजे शिळी गोष्ट नव्हे. प्रधानाच्या तोंडी ऊसबिलाच्या थकबाकीचा हिशेब आला, सोंगाड्याने पाणीपाळीचा विषय काढला, आणि मैदान हसले. हे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. त्या गावासाठी, त्या रात्रीसाठी ते रचले गेले होते. यालाच फडाच्या भाषेत संपादणी म्हणतात. कथासूत्र ठरलेले, प्रवेशांचा क्रम ठरलेला आणि संवाद मात्र उभ्याउभ्या घडवलेला. पावणेदहाला एक हवालदार मंचाच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याने काही दरडावले नाही. नुसते मनगट दाखवले. त्यानंतर जे झाले ते मी विसरू शकत नाही. दोन प्रवेश एका निवेदनात गुंडाळले गेले. राणीचा वनवास एका वाक्यात संपला. दाद मागणारी बाई दरबारात आली, तिने आपले गाऱ्हाणे मांडले, आणि राजा निकाल देणार एवढ्यात सोंगाड्याने त्याला सुचवले की महाराज, निकाल उद्या सकाळच्या हजेरीत द्यावा. मैदान खदखदून हसले. दिवे मालवले गेले. सकाळच्या हजेरीत अर्थातच चार गाणी झाली. निकाल कोणी दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

त्या विनोदाचे कौतुक करावे तेवढे थोडे. अडचणीच्या क्षणी अडचणीलाच नाटकात ओढणे हे संपादणीचे उत्तम उदाहरण आहे. यावरून कोणी म्हणेल की मग चिंता कसली, हा प्रकार लवचीक आहे, तो तासाभरातही बसेल. मला हे पटत नाही. वगाची सारी रचना त्या निकालासाठी असते. खालच्या जातींतल्या कलावंतांनी, पाटील-पंचांसमोर, एका रात्रीपुरता राजा होऊन न्याय सांगायचा, यात या प्रकाराचे सामाजिक धाडस आहे. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा उचलला तो याच धाडसासाठी. गण-गौळण आणि गाणी राहिली व निकाल गेला, तर उरतो तो करमणुकीचा कार्यक्रम. त्यात वाईट काही नाही. पण त्याला वग म्हणता येणार नाही.

हवालदाराच्या मनगटामागे कायदा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला त्यांनी मनाई केली; २०१० च्या दुरुस्तीने वाद्यांचाही उल्लेख त्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या विषयावर सविस्तर निकाल दिला. त्या प्रकरणाच्या मुळाशी एक भीषण घटना होती: दिल्लीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला आणि मोठ्याने लावलेल्या संगीतात तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकू आल्या नाहीत. अशा पार्श्वभूमीच्या कायद्याची टिंगल करणे मला मान्य नाही. झोप, आजारपण, अभ्यास या गोष्टी कलेपेक्षा कमी मोलाच्या नाहीत, आणि भिंतींची थडथड करणाऱ्या ध्वनियंत्रणांचा जाच ज्यांनी सोसला आहे त्यांना हे सांगायला नको.

माझा आक्षेप कायद्याच्या हेतूवर नाही. तो प्रत्यक्षात कोणाला लागतो आणि कोणाला सवलत देतो, यावर आहे. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नियमाने बंदिस्त जागांना, म्हणजे सभागृहे, प्रेक्षागृहे यांना मनाईतून वगळले आहे. बारामतीच्या गदिमा सभागृहात रात्री साडेनऊला सुरू झालेले तीन अंकी नाटक दहाच्या ठोक्याला थांबवावे लागत नाही; त्याच रात्री दहा मैलांवरच्या मैदानातला वग थांबतो. भिंत असलेल्या नाटकाला रात्र मिळते, भिंत नसलेल्याला मिळत नाही. ध्वनीच्या दृष्टीने हा भेद समजण्यासारखा आहे. पण सांस्कृतिक परिणाम असा की एका नाट्यपरंपरेचे रंगगृह कायद्याने उघडे राहते आणि दुसरीचे बंद होते.

दुसरी गोष्ट सवलतीची. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून एकूण पंधरा दिवसांपर्यंत दहाऐवजी बारापर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्याला आहे. हे दिवस जिल्ह्यासाठी एकत्र ठरतात, आणि साहजिकच गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, वर्षाची अखेर अशा सर्वांच्या सणांना जातात. गावच्या यात्रेचे मात्र असे नसते. एका गावची यात्रा चैत्र पौर्णिमेला, शेजारच्याची अष्टमीला, नदीपलीकडच्याची अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी. नीरा-नरसिंहपूरचा उत्सव वैशाखात नृसिंह जयंतीला. प्रत्येक गावाला वर्षातून एकच रात्र हवी असते. पण सगळ्या गावांच्या रात्री मिळवल्या तर त्या पंधरात बसत नाहीत. एका गावाच्या दृष्टीने पाहिले तर मागणी एका रात्रीची आहे, जिल्ह्याच्या कागदावर ती दोन महिन्यांची दिसते. हा हिशेबाचा दोष आहे. गावनिहाय एक रात्र अशी तरतूद झाली तर कोणाच्याही झोपेवर वर्षातून दोन तासांपेक्षा अधिक भार पडणार नाही.

तिसरी गोष्ट आवाज कोणाचा ऐकला जातो याची. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची रात्रभराची मैफल याच नियमांमुळे आखडली. रात्रीचे राग रात्री ऐकायला मिळत नाहीत ही खंत रसिकांनी मोकळेपणाने मांडली, आणि महोत्सवातल्या एका रात्री मध्यरात्रीपर्यंतची मुभा मिळत आली. ते योग्यच झाले. बैलगाडा शर्यतींचे उदाहरण तर आपल्या जत्रांमधलेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्यानंतर राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, लढा लढवला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शर्यतीचे बरेवाईट बाजूला ठेवू. पण परंपरेसाठी शासन, पुढारी, वकील आणि वृत्तपत्रे किती जोर लावू शकतात हे त्यातून दिसले. तमाशा कलावंतांच्या संघटनाही वेळ वाढवून मागत आल्या आहेत. त्यांच्यामागे असा जोर उभा राहिलेला नाही. ख्यालाला जाणकार श्रोता मिळाला, बैलाला मालक मिळाला, वगाला कोण?

शासन आणि तमाशा यांचे नाते जुनेच अवघड आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशाला बंदी केली आणि नंतर संहिता तपासून घेण्याच्या अटीवर वाट मोकळी केली. ज्या प्रकाराचा प्राण संपादणीत आहे त्याच्याकडे लेखी संहिता मागितली गेली. आज आपण ज्या वगांची मुद्रित पुस्तके शिकवतो त्यांकडे पाहताना ही गोष्ट आठवावी: तो वग नव्हे, तो वगाचा सांगाडा आहे. अशा वेळी साहित्याचे लोक नकळत शासनाच्याच बाजूला जाऊन बसतात. आपल्यालाही संहिताच हवी असते, कारण ती परीक्षेला लावता येते.

या भागातल्या परंपरेत याचे एक जुने प्रतिबिंब सापडते. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीचे. सोलापूरचे शाहीर राम जोशी हे तमाशातून कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनांतून गावोगाव नेल्या, असे सांगितले जाते. ही कथा आपण नेहमी एका बाजूने सांगतो: शाहिराचा उद्धार झाला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, पंडिताची यमके लोकांच्या कानी पडली ती तमाशाच्या फडात तयार झालेल्या गळ्यातून. बारामतीच्या कवीला श्रोते मिळवून देण्यात फडाचा वाटा आहे. ते देणे अजून फिटलेले नाही असे मला वाटते.

आता काही प्रतिवाद. तमाशाला झाकोळणारी छाया केवळ कायद्याची नाही, हे खरे. चित्रपटगीतांची फर्माईश, ऑर्केस्ट्रा, नुसत्या नृत्याचे कार्यक्रम यांनी वगाची जागा आधीच कमी केली होती. पण वेळ भरपूर असताना फड दोन्ही सांभाळत असे: तरुणांसाठी आधी गाणी आणि मध्यरात्रीनंतर, गाण्यांची हौस भागली की, जाणत्यांसाठी पहाटेपर्यंत वग. वेळ तोकडी झाली तेव्हा या दोघांत निवड करावी लागली, आणि निवडीत वग हरला. अभिरुची बदलली म्हणून वग गेला असे म्हणताना ती निवड कोणी लादली हेही सांगावे. जाहिरातपत्रकावर वगनाट्याचे नाव आजही ठळक अक्षरांत छापतात. म्हणजे त्या नावाला अजून किंमत आहे.

दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे. या मैदानात स्त्री कलावंतांनी जे सोसले ते पाहता हा प्रकार टिकावा तरी का? विठाबाई नारायणगावकरांच्या (१९३५–२००२) आयुष्यातला, प्रयोग चालू असताना प्रसूत होऊन पुन्हा मंचावर उभे राहण्याचा प्रसंग आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. ती शौर्यकथा आहे तशीच ती निर्दय व्यवस्थेची कथाही आहे. शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेवला, पण हयातीत त्यांना ओढगस्त चुकली नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीने यात्रा रद्द झाल्या तेव्हा कर्जावर उभे असलेले फड कोलमडले. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर गेल्या. हे सगळे मान्य करूनच मी म्हणतो की वगाचा संकोच स्त्री कलावंताच्या हिताचा नाही. वगात ती राणी असते, फिर्यादी असते, सवाल करणारी असते. तिला वाक्ये असतात. वग काढून घेतला की तिच्याकडे फक्त नाचणे उरते, आणि मैदानाची नजरही मग तेवढ्यावरच राहते.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून मला तीन गोष्टींची अपेक्षा आहे. एक, मैदानात जावे. मार्च ते मे हा आपल्या परीक्षांचा काळ, ही खरी अडचण. तरी एका चैत्रात एक प्रयोग एवढे शक्य आहे. दोन, ऐकलेला वग त्याच्या संपादणीसह, कलावंतांच्या संमतीने आणि योग्य मोबदला देऊन ध्वनिमुद्रित करावा. कोणत्या गावी कोणते वाक्य आले आणि का, याची नोंद ठेवावी. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारखी संस्था किंवा रुस्तुम अचलखांबांसारखे अभ्यासक यांनी पाया घातला आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांनी आपापल्या पट्ट्यापुरते काम केले तरी मोठा ठेवा जमेल. तीन, आणि ही सर्वांत निकडीची: यात्रेच्या एका रात्री, मर्यादित आवाजात, मध्यरात्रीपर्यंत वग होऊ द्यावा, या मागणीच्या अर्जावर आपली सही असावी. मराठीच्या प्राध्यापकाची सही तहसील कचेरीत फार वजनदार नसते, हे ठाऊक आहे. पण फडमालकाच्या सहीशेजारी ती आली तर निदान हा प्रश्न करमणुकीचा नसून भाषेचा आहे, एवढे कागदावर येईल.

यंदाचा हंगाम सरला की राहुट्या उठतील आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा लागतील. तोवर अर्ज लिहायला वेळ आहे.